एक लाख बारा हजार

तर झालं असं, की ऑगस्ट २०२४ मधल्या एका शुक्रवारी रात्री प्रॉडक्शनचा एक इश्यू निस्तरत बसलो होतो आणि रोह्याहून मामाचा फोन आला.

"अरे, तू कंप्युटरवाला ना? मग उद्या ये. चिमीचा तो स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचाय."

आमच्या समस्त नातेवाईकांच्या मते सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणजे प्रिंटर दुरुस्त करणारा, गणपतीत कोकणची तिकिटं काढून देणारा आणि सरकारी फॉर्म भरणारा माणूस. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मला धड येत नाहीत. तिसरी मात्र येते, कारण कॉलेजची सहा वर्षं मी तेच केलंय. अर्थात त्यातली पहिली तीन वर्षं फॉर्म न भरण्यात गेली. पण ती गोष्ट पुढे येईलच.

शनिवारी सकाळी पनवेलला दिवा-रोहा मेमू पकडली. खिडकी मिळाली. (पनवेलला खिडकी मिळणं हा शुभशकुन समजावा.) आपटा, जिते, हमरापूर आणि मग पेण. पेण माझं गाव. पण त्या दिवशी उतरलो नाही. गणपती दोन आठवड्यांवर आले होते, आणि या दिवसांत आमच्या घरी जाऊन उपयोग नसतो. बाबा घरी नसतातच. गेली पस्तीस वर्षं ते गणपतीच्या कारखान्यात रंगकाम आणि आखणी करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. बाकी सगळं अंग रंगवून झालं की शेवटी डोळे उघडतात, आणि ते काम ज्याच्या त्याच्या हातात देत नाहीत. सीझनमध्ये बाबा रात्री बारा-एकला घरी येतात आणि सकाळी सातला परत जातात. एरवी वर्षभर मिळेल ते रंगकाम, कधी भिंती, कधी दुकानांच्या पाट्या, आणि थोडी वाट्याची भातशेती.

पुढे कासू, नागोठणे, निडी. सगळीकडे हिरवंगार, शेतात पाणी. आणि मग रोहा.

रोहा म्हटलं की आम्हाला शाळेत एकच गोष्ट सांगायचे. चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, पण बालपण रोह्यात गेलं. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. दरवर्षी दहावीच्या निरोप समारंभात कोणीतरी पाहुणा ही गोष्ट सांगायचाच. मी ती इतक्या वेळा ऐकली की शिष्यवृत्ती म्हणजे हुशार मुलांना मिळते ती, असंच डोक्यात बसलं होतं. पेपरात फोटो, पेढे, शाल-श्रीफळ वगैरे.

दुसऱ्या प्रकारच्या शिष्यवृत्तीची गोष्ट निरोप समारंभात कोणी सांगत नाही. त्या शिष्यवृत्तीसाठी हुशारीचा पुरावा लागत नाही. गरज आहे याचा पुरावा लागतो. आणि तो पुरावा एका कागदावर असतो, त्याचं नाव 'उत्पन्नाचा दाखला'.

आता थोडी माहिती, कारण हा सगळा प्रकार ज्यांनी कधी केला नाही त्यांना काहीच कळायचं नाही. महाराष्ट्रात आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना फीची सवलत ही खूप जुनी गोष्ट आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते त्या काळातली. तेव्हा वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या मुलांची फी माफ व्हायची. आजोबांच्या पिढीतले कितीतरी मास्तर, कारकून, इंजिनिअर त्या बाराशेच्या आत बसून शिकले. याला तेव्हापासून ई.बी.सी. म्हणतात आणि अजूनही लोक तेच म्हणतात. २०१६ मध्ये या योजनेला राजर्षी छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं, ते योग्यच आहे. १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करणारा राजा तो. योजनेचा साधा हिशोब असा: प्रवेश सरकारी कॅप राउंडमधून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेच्या आत हवं. मग खाजगी विनाअनुदानित कॉलेजमध्ये निम्मी शिकवणी फी सरकार भरतं.

मी २०१३ साली दहावी झालो आणि डिप्लोमाला प्रवेश घेतला, तेव्हा ही मर्यादा होती १ लाख रुपये.

आणि इथे बाबा येतात.

दाखल्यासाठी बाबांच्या बरोबर मीही गेलो होतो. पंधरा वर्षांचा होतो, हातात प्लास्टिकची फाइल. त्यात रेशनकार्ड, लाइटबिल आणि माझी मार्कशीट. तलाठ्यांनी सरळ विचारलं, वर्षाचं उत्पन्न किती धरू? आता बाबांना पगाराची स्लिप नाही, फॉर्म १६ नाही. मूर्तीमागे ठरलेले पैसे रोख मिळतात. म्हणजे बाबा सांगतील तो आकडा. हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मलासुद्धा. बाहेर रांगेतल्या एका ओळखीच्या काकांनी आधीच कानमंत्र दिला होता, "९६ हजार सांगा. सगळे तेच सांगतात."

बाबांनी खिशातून छोटी डायरी काढली. कारखाना, भिंतींचं काम, पाट्या, भात. बोटाने बेरीज केली आणि म्हणाले, "एक लाख बारा हजार."

तलाठ्यांनी मान वर करून बघितलं. "फीच्या सवलतीसाठी हवाय ना दाखला? लाखाच्या वर गेला तर उपयोग नाही हो."

"हो, माहितीय," बाबा म्हणाले. "पण तेवढे झालेत."

झालं. बारा हजारांसाठी गेली सवलत. कॉलेजची शिकवणी फी वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास होती. म्हणजे वर्षाला वीस हजार, तीन वर्षांचे साठ हजार. त्या वर्षी जुलैत आईच्या पाटल्या गहाण पडल्या. आई काही बोलली नाही. फक्त मनगटं बरेच दिवस पदराखाली ठेवायची, विशेषतः कोणाच्या हळदीकुंकवाला गेली की.

मला खूप राग आला होता. आणि तो राग वाढतच गेला, कारण वर्गात जी मुलं सवलतीत होती त्यांतल्या एकाच्या घरी दोन टेम्पो होते आणि एकाच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्यांचे दाखले साठ हजार आणि बहात्तर हजार. मी दोघांबरोबर डबा खायचो, त्यांच्याच गाडीवरून फिरायचो आणि रात्री घरी येऊन बाबांशी बोलायचो नाही. अठराव्या वर्षी एकदा भांडणात बोलून गेलो, "तुमच्या खरेपणाची फी आई भरतेय." बाबा गप्प बसले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे कारखान्यात गेले.

२०१६ ला डिप्लोमा संपला आणि डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला लागलो. त्याच वर्षी महाराष्ट्रात मराठा समाजाचे मोर्चे निघत होते, आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने ही मर्यादा १ लाखावरून अडीच लाखांवर नेली. (साठ टक्क्यांच्या वर मार्क असतील तर ६ लाखांपर्यंत. पुढे ती सरसकट ८ लाखांवर गेली.) बाबांचा त्या वर्षीचा खरा आकडा होता एक लाख चाळीस हजार. एका झटक्यात आम्ही 'पात्र' झालो. बाबांनी काहीच बदललं नव्हतं, रेष सरकली होती. कोडमध्ये एक कॉन्स्टंट बदलावा आणि तीच टेस्ट केस अचानक पास व्हावी, तसं.

मग कॉलेजच्या नोटीस बोर्डावर यादी लागली. 'ई.बी.सी. सवलतीस पात्र विद्यार्थी.' त्यात माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. इतकी वर्षं जी सवलत मिळावी म्हणून चिडत होतो, तिच्या यादीत नाव दिसल्यावर मी काय केलं असेल? आजूबाजूला कोणी बघत नाही ना ते बघितलं आणि पुढे सटकलो. मुलींचा घोळका उभा होता म्हणून नंतर कँटीनलाही गेलो नाही. वीस वर्षांचा गाढव, दुसरं काय!

असो. तर रोह्याला परत येऊ.

मामाचं घर नदीपलीकडे. मामा धाटावच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत काँट्रॅक्टवर आहे. चिमी माझी मामेबहीण. बारावी, सीईटी आणि कॅप राउंड पार करून तिला कंप्युटरला प्रवेश मिळाला होता. आणि तिचं नशीब माझ्यापेक्षा बरं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ई.डब्ल्यू.एस., एस.ई.बी.सी. आणि ओबीसी मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी, जी आधी निम्मी माफ होती, ती पूर्ण माफ झाली. चिमी ई.डब्ल्यू.एस.मध्ये बसते. म्हणजे मला जे साठ हजार मिळाले नाहीत, त्याच्या कितीतरी पट तिला मिळणार होते. मामा खूश. मामीने माझ्यासाठी वालाचं बिरडं केलेलं. मी लॅपटॉप उघडला.

तासभर सगळं सुरळीत चाललं. मी तिला माझ्या चुका सांगत सांगत प्रोफाइल भरत होतो, त्या इथेही सांगतो, कोणाच्या भावंडाला उपयोग होईल:

आधारवरचं नाव, मार्कशीटवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकसारखं हवं. माझ्या मार्कशीटवर बाबांचं नाव एका स्पेलिंगने आणि आधारवर दुसऱ्याने होतं. ते दुरुस्त करण्यात महिना गेला.

आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा. ओटीपी तिथेच येतो.

आधार कितीही खात्यांना जोडलेलं असलं तरी सरकारी पैसे जमा होण्यासाठी एका वेळी एकच खातं मॅप असतं. ते कुठलं हे आधी बघा, नाहीतर पैसे तिसऱ्याच खात्यात जातात आणि आपण दुसरं पासबुक घेऊन बसतो.

फॉर्म सबमिट केला म्हणजे काम झालं नाही. तो आधी कॉलेजकडे जातो, मग विभागाकडे. मधे कोणी त्रुटी काढून परत पाठवला तर पुन्हा लॉगिन करून बघणाऱ्यालाच कळतं. दर रविवारी बघा, महिन्याचं कॅलेंडर रिमाइंडर लावा, काहीही करा.

आणि दरवर्षी रिन्यू करावा लागतो. २०१७-१८ ला सगळ्या शिष्यवृत्त्या महाडीबीटीवर आल्या तेव्हा मंजुरीनंतर आपण पुन्हा लॉगिन करून ते व्हाउचर 'रिडीम' करायचं होतं. मला हे माहीतच नव्हतं. मंजूर झालेले पैसे दोन महिने माझ्या एका क्लिकची वाट बघत पडून होते आणि मी सरकारला शिव्या देत होतो. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, स्क्रीनवरची सूचना वाचली नाही!

मग आला उत्पन्नाचा दाखला. मामाचा जुना दाखला मुदत संपलेला. म्हटलं काही हरकत नाही, 'आपले सरकार'वर अर्ज टाकू, पंधरा दिवसांत मिळायला हवा असा कायदाच आहे. माझ्या वेळी या दाखल्याचे तेहतीस रुपये साठ पैसे लागायचे. वरचे चाळीस पैसे कोणी कधी परत दिले नाहीत आणि कोणी कधी मागितलेही नाहीत.

"मामा, वर्षाचं उत्पन्न सांग."

मामाने मामीकडे बघितलं. मामीने चिमीकडे. चिमीने मोबाईलकडे.

"दाखले काढून देणारा तो एक जण आहे," मामा म्हणाला, "तो म्हणतो ९६ हजार टाका."

अकरा वर्षांनी तोच आकडा! मला हसूच आलं. म्हटलं, "अरे पण का? मर्यादा ८ लाख आहे. तुझा पगार त्याच्या अर्धाही नाही. खोटं बोलायचं कारणच नाही."

"तुला फक्त हा फॉर्म दिसतोय," मामा म्हणाला.

आणि मग त्याने मला जे समजावलं ते कुठल्याही जीआरमध्ये एका जागी लिहिलेलं नाही. घरचं रेशनकार्ड केशरी आहे. केशरी कार्ड वर्षाला १ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्यांचं. त्यातही स्वस्त धान्याच्या प्राधान्य यादीत बसायला शहरी भागात ५९ हजार आणि ग्रामीण भागात ४४ हजारांची मर्यादा. मामीने जुलैत लाडकी बहीण योजनेचा फॉर्म भरलेला, महिना दीड हजार रुपये. त्याची मर्यादा अडीच लाख. केशरी कार्ड असलं की तिथे दाखला मागत नाहीत, पण आपलं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे असं मामीने सही करून दिलेलं. रक्षाबंधनाच्या आधी दोन महिन्यांचे तीन हजार जमाही झाले होते. आणि चिमीची मर्यादा ८ लाख.

एक घर, एक माणूस कमावणारा, आणि चार योजनांच्या चार रेषा. प्रत्येक योजनेला वाटतं की ती एकटीच आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर चार सिस्टिम्स, एकच फील्ड आणि चारही ठिकाणी वेगळं व्हॅलिडेशन. असा डेटा मॉडेल घेऊन कोणी माझ्याकडे रिव्ह्यूला आलं असतं तर मी परत पाठवला असता. पण मामाला परत पाठवायचं कुठे?

"बरं, खरं किती आहे?" मी विचारलं.

पगार महिना साडेअठरा हजार. वर्षाचे दोन लाख बावीस हजार. आणि ओव्हरटाइमचे वर्षभरातले शेहेचाळीस हजार. एकूण दोन लाख अडुसष्ट हजार.

"मग ओव्हरटाइम सोडून लिही," मामी म्हणाली. "दोन बावीस. ते खोटं कुठे आहे? पगार तेवढाच आहे ना?"

"ओव्हरटाइम हे उत्पन्न नाहीच रे," मामा म्हणाला. "ती माझी झोप आहे."

आता मला सांगा, याच्यावर मी काय बोलणार होतो? दोन बावीसमध्ये चिमीची फीही माफ होते आणि मामीचे वर्षाचे अठरा हजारही राहतात. दोन अडुसष्टमध्ये मामीचे जातात. फरक शेहेचाळीस हजारांचा, म्हणजे मी मागच्या दिवाळीत बायकोला न विचारता घेतलेल्या फोनपेक्षा कमी. नियमाने ओव्हरटाइम धरायचा असतो हे मला माहीत होतं. पण नियम सांगायला तोंड उघडलं आणि स्वतःचाच आवाज मला कसातरी वाटला. पनवेलला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणारा भाचा रोह्याला येऊन मामाला खरेपणा शिकवणार. म्हणून गप्प बसलो. रकाना रिकामा ठेवला, ड्राफ्ट सेव्ह केला, आणि बिरडं जेवलो.

रविवारी पेणला उतरलो. घरी न जाता आधी कुंभार आळीतून बाबांच्या कारखान्यात गेलो. ओल्या रंगाचा वास आणि शेडमध्ये ओळीने शेकडो गणपती. अर्ध्यांचे डोळे उघडलेले, अर्ध्यांचे अजून मिटलेले. बाबा बाकड्यावर बसून काम करत होते. डोळे काढताना ते श्वास धरतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे, त्यामुळे मध्ये बोलायचं नाही. दोन मूर्ती झाल्या, मग ब्रश ठेवून म्हणाले, "चहा घेणार?"

चहा घेताना मामाची गोष्ट सांगितली. सांगता सांगता २०१३ आलंच. म्हटलं, "बाबा, तुम्ही तेव्हा त्या तत्त्वासाठी..."

"कसलं तत्त्व?" बाबा म्हणाले.

"खोटं लिहायचं नाही म्हणून. एक लाख बारा हजार."

बाबा जरा हसले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं विषय संपला.

"त्या वर्षी पहिल्यांदाच लाखाच्या वर गेलो होतो मी," ते म्हणाले. "त्याच्या आदल्या वर्षापर्यंत कधी नाही. पंचवीस वर्षं काम करत होतो, कुठे लिहिलेलं नाही. मालकाच्या वहीत असेल, पण ती मालकाची. म्हटलं सरकारच्या कागदावर एकदा येऊ दे. तहसीलदाराची सही, शिक्का..." मग थोडं थांबून, "चुकलंच ते. तुझ्या आईच्या पाटल्या गेल्या. पण तेव्हा तसं वाटलं."

मी काही बोललो नाही. अकरा वर्षं मी ज्या माणसावर त्याच्या खरेपणासाठी रागावलो होतो, आणि पुढे शहाणा झाल्यावर त्याच खरेपणासाठी ज्याचं मित्रांमध्ये कौतुक सांगत होतो, त्याने खरेपणा वगैरे काही केलाच नव्हता. त्याला फक्त आपली कमाई एकदा लिहिलेली बघायची होती. सगळी पोरं वडिलांची गरिबी सिद्ध करायला रांगेत उभी होती, आणि माझा बाप त्याच रांगेत उभा राहून आपण किती कमावलं ते सांगत होता.

पाटल्यांचं सांगायचं तर, २०१९ ला नोकरी लागल्यावर पहिल्या चार पगारांतून त्या सोडवून आणल्या. आईने हातात घातल्या आणि म्हणाली, "सैल झाल्या रे." झाल्या नव्हत्या सैल, हात बारीक झाले होते.

संध्याकाळी घरी आईला विचारलं, तो २०१३ चा दाखला आहे का कुठे? तो एका वर्षाच्या कामाचा कागद, आणि त्या वर्षीही कामाला न आलेला. रद्दीत गेला असणार अशी माझी खात्री. आईने कपाटातली लोखंडी पेटी उघडली. माझ्या मार्कशीटच्या खाली, घराच्या कागदांच्या वर तो होता. बाबांनी लॅमिनेट करून ठेवलेला. 'एकूण वार्षिक उत्पन्न रुपये १,१२,०००/- (अक्षरी रुपये एक लाख बारा हजार फक्त).'

ते 'फक्त' आपण दर चेकवर लिहितो, कधी वाचत नाही. मी तिथे पेटीसमोर बसून ते चार-पाच वेळा वाचलं.

मी मामाला फोन केला नाही. काय सांगणार होतो? बाबांची गोष्ट सांगितली असती तर तीही एक प्रकारची शिकवणीच झाली असती. आणि बाबांनी स्वतःच 'चुकलं' म्हटलं होतं, ते मी कसं वगळणार? माझ्या शेहेचाळीस हजारांत आणि मामाच्या शेहेचाळीस हजारांत फरक आहे. तो आकडा लिहायचा हक्क त्याचा, आणि त्याची किंमतही तोच मोजणार.

सोमवारी डेली स्टँडअप चालू असताना चिमीचा मेसेज आला. अर्ज सबमिट केल्याचा स्क्रीनशॉट. वार्षिक उत्पन्न: २,६८,०००. खाली तिने लिहिलं होतं, "बाबा म्हणाले ओव्हरटाइम पण धर. सकाळी ड्युटीवरून आले आणि तेवढंच बोलून झोपले."

कारण विचारलं नाही. मामीच्या फॉर्मचं पुढे काय झालं तेही विचारलं नाही आणि विचारणार नाही. ते त्यांच्या घरातलं आहे. चिमीची फी माफ झाली एवढं मात्र माहीत आहे, कारण मंजुरीचा मेसेज आल्यावर तिने मला सकाळी सहाला फोन करून उठवलं होतं.

तिला मी एकच गोष्ट सांगितली. म्हटलं, तुमच्या कॉलेजमध्ये पात्र मुलांची यादी लागली आणि त्यात तुझं नाव दिसलं तर खाली मान घालून पळू नकोस. खाली तुझ्या बापाचं नाव आहे. उभी राहा आणि नीट वाच.

"फोटो काढू का?" तिने विचारलं.

"काढ," म्हटलं.

दरवर्षी जूनमध्ये एचआरकडून मेल येतो, त्याला माझा फॉर्म १६ जोडलेला असतो. पहिल्या पानावर माझी वर्षाची कमाई पै-पैशासकट छापलेली असते. आजवर मी ती फाइल उघडून न बघताच सीएला फॉरवर्ड करत आलो. २०२५ च्या जूनमध्ये पहिल्यांदा प्रिंट काढली आणि पेणला घेऊन गेलो. बाबांनी चष्मा लावून आकडा वाचला. मग अक्षरी वाचायला गेले, पण कमाई त्यात अक्षरी नसते.

"हे काही बरोबर नाही," ते म्हणाले. "अक्षरी पाहिजे."